वीज गेली तर पाणी कुठे जाईल? समुद्री टाकीचा सम्प आणि रेफ्युजियम

समुद्री टाकीला सम्प लावायचा म्हटलं की पहिली चौकशी उपकरणांची होते. स्किमर (पाण्यातली घाण फेसातून बाहेर काढणारं उपकरण) कोणता घ्यावा, पंप किती लिटरचा, लाइट कुठला? हे सगळं नंतर ठरवता येतं आणि बदलताही येतं. एकदा काच कापून सिलिकॉनने चिकटवली की बदलता येत नाही ते सम्पचं माप, आतल्या बॅफलची (कप्पे पाडणाऱ्या काचांची) उंची आणि वरच्या टाकीतल्या ओव्हरफ्लोची पातळी. या तिन्ही गोष्टी दोन प्रश्नांवर ठरतात. वीज गेली तर वरचं किती पाणी खाली येईल? आणि खाली येणारा पाइप तुंबला तर खालचं किती पाणी वर जाईल? दोन्हींची उत्तरं कागदावर लिटरमध्ये मांडल्याशिवाय काचवाल्याकडे जाऊ नये.

सम्प म्हणजे मुख्य टाकीखाली, कॅबिनेटमध्ये ठेवलेली दुसरी टाकी. वरचं पाणी ठरावीक पातळीला आलं की ओव्हरफ्लोमधून पाइपने खाली उतरतं, सम्पच्या कप्प्यांमधून पुढे सरकतं आणि शेवटच्या कप्प्यातला रिटर्न पंप ते परत वर चढवतो. पंप जेवढं चढवतो तेवढंच खाली येतं, म्हणून वरची पातळी एकसारखी राहते. पृष्ठभागावरचा तेलकट थर सगळ्यात आधी ओव्हरफ्लोमध्ये ओढला जातो, पाण्यात हवा चांगली मिसळते, हीटर आणि स्किमर नजरेआड जातात आणि एकूण पाणी वाढतं. रेफ्युजियम हा याच सम्पमधला एक कप्पा. तिथे दिवा लावून मुद्दाम शैवाल वाढवायचं. ते खाद्य-विष्ठेतून साठणारं नायट्रेट आणि फॉस्फेट शोषून वाढतं. वाढलेलं शैवाल काढून टाकलं की तेवढं नायट्रेट-फॉस्फेट टाकीबाहेर गेलं. त्याच झुबक्यात कोपेपॉड आणि ॲम्फिपॉड हे बारीक जीव माशांच्या तोंडापासून लांब राहून वाढतात आणि थोडेथोडे पंपातून वर जाऊन माशांचं खाद्य होतात.

आधी हिशेब

चार फुटी टाकी धरू: १२० × ४५ × ४५ सेंमी, १० मिमी काच. आतलं क्षेत्रफळ ११८ × ४३ सेंमी, म्हणजे पातळी एक सेंटिमीटरने बदलली की पाच लिटर पाणी हललं. हा पाचाचा आकडा पुढे सारखा लागतो.

वीज गेली की पंप थांबतो, पण ओव्हरफ्लोच्या कडेच्या वर असलेलं पाणी उतरतच राहतं. शिवाय रिटर्न पाइपचं तोंड पाण्यात बुडालेलं असेल, तर ते तोंड उघडं पडेपर्यंत पाणी पंपातून उलटं खाली येतं. दोन्ही मिळून पातळी ३ सेंमी खाली गेली तर १५ लिटर. ओव्हरफ्लो बॉक्स आणि पाइपांत राहिलेलं साधारण ७ लिटर. एकूण २२ लिटर.

आता सम्प: ९० × ३५ × ४० सेंमी, बाहेरची काच ८ मिमी. आतलं क्षेत्रफळ सुमारे २,९५० चौरस सेंमी, म्हणजे सेंटिमीटरला जवळपास ३ लिटर. चालू स्थितीत सगळ्यात उंच कप्प्यातली पातळी २३ सेंमी धरली आणि वर ४ सेंमी मोकळी सोडली, तरी १२ सेंमी जागा उरते. म्हणजे ३६ लिटर. येणार २२, मावतात ३६. ठीक.

आता हाच हिशेब ६० × ३० × ३५ सेंमीच्या तयार सम्पला लावून पाहा. सेंटिमीटरला जेमतेम १.७ लिटर; २३ सेंमी पातळीवर काठापर्यंत अकरा सेंमी जागा, म्हणजे साडेअठरा लिटर. बावीस लिटर त्यात मावत नाहीत. असा सम्प रोज नीट चालतो आणि वीज गेली की खोलीत पाणी होतं. चार फुटी टाकीला दोन फुटी सम्प म्हणूनच घेऊ नये, कितीही स्वस्त मिळाला तरी.

दुसरा प्रश्न उलटा. गोगलगाय किंवा शैवालाचा गोळा पाइपात अडकला, तर पंप रिटर्न कप्प्यातलं सगळं पाणी वर ढकलेल. तो कप्पा २० सेंमी लांब आणि ३३ सेंमी रुंद असेल आणि त्यात १५ सेंमी पाणी असेल, तर १० लिटर. वरची पातळी २ सेंमीने चढेल. म्हणून चालू पातळी आणि टाकीचा काठ यांत निदान ३ सेंमी अंतर हवं. रिटर्नचा कप्पा मुद्दाम लहान ठेवतात तो याचसाठी.

या हिशेबात एक गोष्ट बऱ्याचदा सुटते. सम्पमध्ये पाणी आपोआप भरणारं ऑटो टॉप-ऑफ असेल, तर पाइप तुंबल्यावर त्याला रिटर्न कप्प्यातली पातळी घसरलेली दिसते आणि ते गोडं पाणी सोडू लागतं. पंप तेही वर चढवतो. वीस लिटरचा जार रिकामा झाला तर वर आणखी ४ सेंमी, म्हणजे पाणी काठावरून बाहेर. त्यामुळे फक्त फ्लोट स्विचवर चालणारं टॉप-ऑफ घेऊ नका. काही मिनिटांनी स्वतःहून बंद पडणारं घ्या.

कप्पे

सम्पची आतली लांबी ८८ सेंमी. तिची वाटणी अशी: पहिला कप्पा २७ सेंमी, यात उतरणारा पाइप, फिल्टर सॉक (गाळणीची पिशवी), स्किमर आणि हीटर. मग ३२ सेंमीचं रेफ्युजियम. मग बुडबुडे अडवणाऱ्या तीन काचा, मधल्या दोन फटी प्रत्येकी ३ सेंमी. शेवटी २० सेंमीचा रिटर्न कप्पा. उरलेलं बॅफलच्या ६ मिमी काचा आणि सिलिकॉन खातं.

पहिलं बॅफल २२ सेंमी उंच. बुडबुड्यांच्या सापळ्यातली पहिली काच २० सेंमी, पाणी तिच्यावरून जातं. दुसरी तळापासून ३ सेंमी उचललेली आणि वर २६ पर्यंत, पाणी तिच्याखालून जातं. तिसरी १८ सेंमी, परत वरून. या वर-खाली प्रवासात बुडबुडे सुटतात. हा सापळा नसेल तर वरच्या टाकीत बारीक बुडबुड्यांचं धुकं दिसत राहतं.

पहिल्या बॅफलची २२ ही उंची मात्र डोळे मिटून घेऊ नका. प्रत्येक स्किमरला ठरावीक खोलीचं पाणी लागतं आणि ते त्याच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. स्किमर आधी ठरवा, मग बॅफल कापा. स्किमरची गरज बॅफलपेक्षा दोन-तीन सेंमी कमी असेल तर तो स्टँडवर उचलता येतो. पाणी कमी पडलं तर इलाज नाही. स्किमरचा कप वर काढायला सम्पच्या काठावर पंचवीस-तीस सेंमी मोकळी जागाही लागते. कॅबिनेट बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) ग्रेडच्या मरीन प्लायचं असावं (पार्टिकल बोर्ड खाऱ्या ओलीने फुगतो) आणि त्याचं दार सम्प आतबाहेर करता येईल एवढं रुंद हवं.

बॅफलच्या काचांच्या कडा घासून घ्यायला सांगा. शैवाल काढताना हात दर वेळी तिथेच जातो. सिलिकॉन बुरशीनाशक नसलेलं घ्या, म्हणजे बाथरूमचं नको; चिकटवल्यावर निदान ४८ तास हात लावू नका आणि व्हिनेगरसारखा वास पूर्ण गेल्यावर साध्या पाण्याने दोन दिवस गळती तपासा.

पाइप

वरच्या टाकीला भोक पाडायचं असेल तर काच टफन केलेली नाही याची खात्री करा. टफन काच ड्रिल लावताक्षणी चुरा होते. भोक काठापासून निदान भोकाच्या व्यासाइतकं आत घ्या. टँक कनेक्टर आधी विकत आणा आणि त्याच्या मापाने भोक पाडा. एक इंची कनेक्टरला एक इंचाचं नव्हे, बरंच मोठं भोक लागतं.

खाली येणारे पाइप दोन असावेत. हीच हर्बी पद्धत. एक इंचाचा मुख्य पाइप, त्याला खाली व्हॉल्व्ह. तो पूर्ण पाण्याने भरून, आवाज न करता चालतो; याला सायफन धरणं म्हणतात. दुसरा तेवढाच किंवा मोठा, व्हॉल्व्ह नसलेला, त्याचं तोंड ओव्हरफ्लो बॉक्समध्ये जरा उंच. मुख्य पाइप तुंबला तर सगळं पाणी या दुसऱ्यातून उतरलं पाहिजे. व्हॉल्व्ह हळूहळू आवळत जायचं, बॉक्समधली पातळी दुसऱ्या पाइपच्या तोंडाशी येऊन अगदी पातळ धार त्यात पडू लागली की थांबायचं. ती धार मुद्दाम ठेवतात: मुख्य पाइपात अडथळा आला की ती वाढते, आवाज येतो आणि कळतं.

मुख्य पाइपचं खालचं टोक सम्पच्या पाण्यात २-३ सेंमीच बुडवा. जास्त खोल गेलं तर वीज परत आल्यावर पाइपातली हवा बाहेर निघत नाही, सायफन धरत नाही आणि बॉक्स खळखळत राहतो. सायफन न धरण्याचं पहिलं कारण तपासायचं ते हेच.

पांढरे यूपीव्हीसीचे पाइप, एल्बो, युनियन (खोलता येणारे जोड) आणि बॉल व्हॉल्व्ह कोणत्याही प्लंबिंगच्या दुकानात मिळतात. पितळ मात्र कुठेही नको. दुकानदार सवयीने नळासाठीचे पितळी आटे असलेले जोड देतो, गेट व्हॉल्व्ह मागितला तर तोही पितळी काढतो. पितळेत तांबं असतं. खाऱ्या पाण्यात ते झिरपतं आणि कोळंबी, गोगलगाई, प्रवाळ मारतं. पीव्हीसीचा गेट व्हॉल्व्ह मिळाला तर उत्तम, नाहीतर बॉल व्हॉल्व्ह धीराने केसभर फिरवत जुळवायचा. पंपाजवळ आणि प्रत्येक व्हॉल्व्हजवळ युनियन घाला, म्हणजे साफ करायला पाइप कापावा लागणार नाही.

रिटर्न पाइपला नॉनरिटर्न व्हॉल्व्ह बसवून निश्चिंत होऊ नका. चुन्याच्या थराने आणि गोगलगाईंनी तो अर्धवट उघडा राहतो. त्याऐवजी रिटर्नचं तोंड २-३ सेंमीच बुडवा आणि पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली ५-६ मिमीचं भोक पाडा. पातळी उतरली की तिथून हवा आत जाते आणि उलटा प्रवाह तुटतो. हे भोक दर महिन्याला ब्रशने साफ करायचं.

पंपाच्या डब्यावरचा आकडा शून्य उंचीवरचा असतो. टाकीत मुळात २०० लिटर पाणी. सम्पमधून तासाला त्याच्या तीन ते पाच पट, म्हणजे ६०० ते १,००० लिटर फिरलं की पुरे. पाणी सव्वा-दीड मीटर चढवायचं असल्याने ३,००० लिटरचा, ३ मीटर हेडचा (म्हणजे जास्तीत जास्त तेवढं चढवणारा) डीसी पंप घेऊन कमी वेगावर चालवावा. त्याला वीज कमी लागते, इन्व्हर्टरवर तासन्‌तास टिकतो. हीटर आणि चिलर इन्व्हर्टरवर टाकू नका.

सगळं जोडून झालं की टाकी साध्या पाण्याने भरा, चालवा आणि स्वतः स्विच बंद करा. पाणी उतरायचं थांबेपर्यंत पाहा, मग परत चालू करा. लागोपाठ पाच-सहा वेळा. दर वेळी सायफन आपोआप धरला पाहिजे. रिटर्न कप्प्यावर चालू पातळीची खूण चिकटपट्टीने करून ठेवा आणि त्यावर कधीही पाणी भरू नका, कारण ३६ लिटरचा हिशेब त्या खुणेवर उभा आहे. पुण्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाते तेव्हा बहुतेक जण कामावर असतात. ही परीक्षा त्याआधी, समोर उभं राहूनच झालेली बरी.

पाणी आणि पुण्याची हवा

महापालिकेचं पाणी टीडीएसला (विरघळलेल्या क्षारांना) कमी असलं तरी त्यात क्लोरीन असतं. टँकरचं आणि बोअरचं पाणी जड असतं. दोन्ही थेट चालत नाहीत. घरचा आरओ वापरायचा असेल तर त्यातला टीडीएस वाढवणारा स्क्रू बंद करा आणि मिनरल कार्ट्रिज काढा, कारण ते मुद्दाम क्षार परत मिसळतात. पुढे डीआय रेझिनचं (उरलेले क्षार धरून ठेवणारं) कार्ट्रिज जोडा. मीटरवर शून्य आलं पाहिजे. सम्पसकट सुमारे २५५ लिटर पाण्याला साडेनऊ ते दहा किलो समुद्री मीठ लागतं. क्षारता ३५ पीपीटी, म्हणजे हजार भागांत ३५ भाग मीठ.

एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असते, पंखा लावला तर दिवसाला तीन-चार लिटर पाणी सहज उडतं. रिटर्न कप्प्यात सेंटिमीटरला पाऊण लिटरही नाही, म्हणजे दिवसात ६ सेंमी घट. दोन दिवस पाणी घालायचं राहिलं की पंप हवा ओढू लागतो. मीठ उडत नाही, म्हणून भर नेहमी गोड्या डीआय पाण्याचीच घालायची. टॉप-ऑफचा जार २० लिटरपेक्षा मोठा ठेवू नका: तो चुकून पूर्ण रिकामा झाला तरी क्षारता ३५ वरून साडेबत्तीसपर्यंत उतरेल, मासे तगतील. जारमधल्या पाण्याची पातळी सम्पच्या पातळीच्या खाली असावी, नाहीतर नळी स्वतःच सायफन होते.

पंख्याने पाणी दोन-तीन अंश थंड होतं ते बाष्पीभवनामुळे, म्हणून पावसाळ्यात पंखा फारसा उपयोगी पडत नाही. मे महिन्यात वरच्या मजल्यावरच्या घरात प्रवाळ ठेवायचे असतील तर चिलरचा खर्च आधीच धरावा. डिसेंबर-जानेवारीत हीटर लागतो. एक २०० वॅटचा घेण्यापेक्षा १०० चे दोन घ्या, एक अडकून चालू राहिला तर पाणी उकळत नाही. हीटर पहिल्या कप्प्यात ठेवा, तिथली पातळी घटत नाही. रिटर्न कप्प्यात तो उघडा पडून तडकतो.

प्रत्येक वायर प्लगकडे जाण्याआधी खाली झोका घेऊन वर गेली पाहिजे, म्हणजे थेंब प्लगपर्यंत न जाता खाली गळतो. ३० मिलीअँपचं आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय खाऱ्या पाण्यात हात घालू नये. यात काटकसर नाही.

रेफ्युजियम

आपल्या कप्प्यात ३२ × ३३ × २० सेंमी, म्हणजे २१ लिटर. मुख्य टाकीच्या दहा टक्क्यांहून जरा जास्त. माफक मासे असलेल्या टाकीला हे पुरतं. खूप खाद्य पडणाऱ्या टाकीत ते स्किमरची आणि आठवड्याला २० लिटर पाणी बदलण्याची जागा घेणार नाही. नायट्रेट ४०-५० पीपीएम (दहा लाख भागांत तेवढे भाग) असेल तर आधी पाणी बदला, खाद्य कमी करा. शैवालाने एवढा बोजा उतरायला महिने जातील.

शैवाल चेटोमॉर्फाच घ्या. ते तारेच्या घासणीसारखं गुंतलेलं, मुळं नसलेलं असतं. सहज उचलता येतं, तोडता येतं. कॉलर्पा भराभर वाढतो, पण कधीकधी एका रात्रीत जननपेशी सोडून पांढरा पडतो आणि शोषलेलं सगळं परत पाण्यात ओततो. १९८४ साली मोनॅकोजवळ भूमध्य समुद्रात सापडलेला कॉलर्पा टॅक्सिफोलिया मत्स्यालयातून सुटलेला होता आणि पुढे त्याने किनाऱ्याचे मोठे पट्टे झाकले. कोणतंही शैवाल नदी-नाल्यात किंवा कोकणात समुद्रावर टाकू नका. उन्हात खडखडीत वाळवून कचऱ्यात.

टाकी सायकल होऊन (म्हणजे घाण पचवणारे जिवाणू स्थिरावून) अमोनिया आणि नायट्राइट शून्य झाले, नायट्रेट दिसू लागलं, की मुठीएवढा गोळा सोडा. सोडण्याआधी टाकीच्याच पाण्यात हलवून निरखा: ऐप्टेशिया, म्हणजे पारदर्शक तपकिरी छोटं समुद्रफूल, दिसलं तर तो भाग कापून फेका. तळाशी वाळू नको. वीस सेंमी खोलीत दहा सेंमी वाळूचा थर अर्धी जागा खातो आणि पातळ थर फक्त गाळ साठवतो. मूठभर खडे पॉडसाठी पुरतात. चेटो सापळ्याकडे वाहून जाऊ नये म्हणून बॅफलवर प्लास्टिकची चौकटी जाळी बसवा. पंपात शिरलेलं शैवाल पंप बंद पाडतं.

दिवा १५ ते २० वॅटचा एलईडी, ६,५०० केल्व्हिनचा पांढरा किंवा रोपांसाठीचा लाल-निळा, पाण्यापासून २०-२५ सेंमीवर. महागडा रीफ लाइट इथे वाया जातो. तो रात्री लावा, साधारण नऊ ते सकाळी नऊ. वरचा लाइट बंद असताना श्वसनाने कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पीएच उतरतो. खालचं शैवाल त्याच वेळी तो शोषतं आणि पीएचची घसरण कमी होते. खिडक्या बंद करून एसी लावणाऱ्या फ्लॅटमध्ये हा फरक मीटरवर दिसतो. शेजारच्या कप्प्यांत उजेड जाऊ नये म्हणून बॅफलला काळा व्हिनाइल लावा, नाहीतर शैवाल स्किमरवर आणि पंपावरही चढतं.

दहा-पंधरा दिवसांनी अर्धा गोळा काढा. बादलीत टाकीचं पाणी घेऊन त्यात झटका, पॉड खाली पडतील, ते पाणी परत सोडा. काढलेलं शैवाल पिळून वजन करून लिहून ठेवा. वाढ मंदावली की आकडा आधी सांगतो. उरलेला गोळा उलटा ठेवा, कारण खालची बाजू अंधारात सडायला लागलेली असते.

चेटो फिकं पडून विरघळू लागलं तर नायट्रेट आणि फॉस्फेट मोजा. नायट्रेट २ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ असावं. दोन्ही शून्याला टेकली असतील तर शैवाल उपाशी आहे, आणि वरच्या वाळूवर डायनोफ्लॅजलेट या एकपेशीय जीवांचा तपकिरी, बुडबुडे धरलेला चिकट थर येण्याची वेळही हीच. दिवा सहा तासांवर आणा, माशांना थोडं जास्त खायला द्या. आकडे ठीक असून फिकं पडत असेल तर लोह कमी असू शकतं. पाणी बदलल्याने बहुधा भागतं. चेटोवर केसाळ हिरवं शैवाल चढत असेल तर गोळ्यावर गाळ बसतोय: प्रवाह वाढवा आणि फिल्टर सॉक बघा. २०० मायक्रॉनचा सॉक तीन-चार दिवसांनी धुतला नाही तर त्यातलीच घाण कुजून नायट्रेट बनवते. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी सॉक न लावता महिन्याला पहिल्या कप्प्याचा तळ सायफनने साफ करावा.

खडक सिरॅमिकचा किंवा कोरडा बनवलेला घ्या. मालवण किंवा लक्षद्वीपहून प्रवाळाचे दगड आणणं हा गुन्हा आहे. खडक बांधणारे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कोरड्या खडकाला जिवाणू धरायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तेवढ्या काळात सम्पची गळती, सायफन, टॉप-ऑफ सगळं मासे नसताना तपासून होतं.